बाटलीभोवतीचा कागद

३ जून १९८६
औषधांच्या एजंटानं जानेवारीत दिलेली डायरी आज हाताला लागली. पहिल्या पानावर कुठल्याशा डॉक्टरचा हसरा फोटो होता, तो फाडला. आजपासून रोज लिहायचं. खरं तेवढंच लिहायचं. कुणाला दाखवायचं न्हाय.
नाव घालायला जागा आहे. बाळाबाई. हुद्दा घालायलाही जागा आहे. डायरेक्टर, बाळाबाई काढा प्रायव्हेट लिमिटेड. बाटलीवरचा फोटोही माझाच, पण त्याला जागा न्हाय.
शिक्षण तिसरी. मास्तराची बदली झाली म्हणून, न्हायतर पुढं गेले असते.

५ जून
काल राहिलं. बुचं आली न्हाईत, त्या गडबडीत.
ह्या सालचा बेत एकच. गावच्या म्युन्सिपाल्टीच्या दवाखान्यात आपला पोटदुखीचा काढा घुसवायचा. दिवाळीनंतर थंडी पडली की पोरांची पोटं दुखायची थांबतात आणि शेडमधल्या अकरा बायका नुसत्या बसून राहतात. गेल्या हिवाळ्यात सात जणींना घरी बसवलं. पॅकिंगची सोनुबाई दीड महिना माझ्याशी बोलली न्हाय. शांत गेले ते दिवस. पण परत तसं करायचं न्हाय. आल्यावर बाटल्या कोण भरणार?
दवाखाना आमच्याच वॉर्डात. म्हणून आमचा मेंबर तोच दवाखान्याच्या कमिटीचा चेअरमन. निवडणूक दसऱ्यानंतर. म्हणजे मेंबर आपला पाहिजे.

८ जून, सकाळी
सत्याप्पा आलता. माझ्या लेकीचा सासरा. मराठी गटाकडनं उभा राहतोय. चहा दोनदा प्याला. म्हणाला, विहीणबाई, माणूस घरचा आहे, आर्डर घरचीच समजा, फक्त प्रचाराला थोडं बघा. मी म्हटलं, बघते. लेकीच्या लग्नात ह्यानं जेवणात मीठ कमी म्हणून तोंड वाकडं केलतं, ते मी विसरले न्हाय. पण आर्डर ती आर्डर.

१२ जून
भरमू आलता. नगर विकास आघाडीचा. चहा एकदाच, पण बिस्किटं सगळी. म्हणाला, अज्जी, बेंगळूरपर्यंत माझी ओळख आहे, चिंता माडबेडा. काळजी करू नको म्हणे. मी म्हटलं, बाबा, काळजी मी कधीच करत न्हाय, बेत करते.
बेत असा. दोघांनाही द्यायचं, सारखंच. ह्याचं त्याला न्हाय सांगायचं, त्याचं ह्याला न्हाय. कुणीही निवडून आला तरी चेअरमन आपला. एवढं सोपं आहे ते माझ्या आधी कुणाला सुचलं कसं न्हाय, ह्याचं नवल वाटतंय.

१३ जून
मारुतीला सांगितलं. मारुती माझा लेक, तोही डायरेक्टर. तो सही करतो, मी ठरवते. म्हणाला, आई, कुणालाच नको देऊया, काढा चांगला असला तर घेतील. पन्नाशीला आला तरी असलं बोलतो. बापावर गेलाय.

१६ जून
आज तिसरं माणूस आलं. मालुबाई. दवाखान्यात तीस वर्षं नर्स होती, आता रिटायर. अपक्ष उभी राहतेय म्हणे! चहा न्हाय प्याली. म्हणाली, आक्का, मला पैसे नकोत. तुमच्याकडच्या थोड्या रिकाम्या बाटल्या धुऊन द्या दवाखान्याला. लोक घरनं घासलेटची बाटली आणतात, त्यातनंच लाल औषध नेतात, पोरं ओकतात.
मी म्हटलं, मालुबाई, बाटल्या फुकट वाटायच्या असत्या तर कंपनी कशाला काढली असती? नर्सनं सुया टोचाव्यात, मतं मागू नयेत.
हसली आणि गेली. बाई वाईट न्हाय. पण तिला कोण मत देणार? सुई टोचलेली सगळी पोरं आता मतदार झालीत.

२३ जून
बेळगावहून आपला अकौंटंट कृष्णात आलता. चष्मा नवा, बोलणं जुनंच. म्हणाला, आज्जी, गेल्या साली कायदा बदललाय. कंपनीनं राजकारणाला देणगी दिलेली आता चालते, पण बोर्डाचा ठराव पाहिजे, आणि कुणाला किती दिली ते नावानिशी वार्षिक हिशेबात छापायचं.
मी म्हटलं, ठराव मी आणि मारुती आत्ता करतो. छापायचं तर छाप.
तो म्हणाला, आज्जी, छापलं की लोक वाचतात.
मला हसू आलं. माझ्या बाटलीवर दोन भाषांत ठळक छापलंय, जेवणाआधी एक चमचा. सगळं गाव जेवून झाल्यावर देतं. ह्या मुलखात छापलेलं कोण वाचतंय?
रोख द्यावं का, असं मारुती हळूच म्हणाला. अजिबात न्हाय. रोख दिलं तर उद्या मिळालंच न्हाय म्हणतील. दोघांना चेक. दीड-दीड हजार. दोघांकडनं पोच घेतली. मला कोण फसवणार?

२४ जून ते ३ सप्टेंबर
लिहिलं न्हाय. पावसाळ्यात पोटं लई दुखतात, धंदा जोरात होता. रोज लिहायचं म्हणजे लिहिण्यासारखं असेल तेव्हा रोज, असं आता ठरवलंय.

४ सप्टेंबर
अहवाल तयार. एकच पान. समोर मराठी, मागं कानडी. कृष्णात म्हणाला, दोन्ही भाषांत असलेला बरा. मधोमध चौकट आणि चौकटीत देणग्या. सत्याप्पा, दीड हजार. भरमू, दीड हजार. मी म्हटलं, चौकट कशाला, मयताची वाटते. तर म्हणाला, उठून दिसावं म्हणून. हुशार माणसांना कुठं थांबावं ते कळत न्हाय.
शेअरवाले चौतीस. सगळे माझे दीर, नणंदा, भाचे. डिव्हिडंडचा आकडा सोडून त्यांनी आजवर एक अक्षर वाचलेलं न्हाय.

१० सप्टेंबर
निपाणीला प्रेसमध्ये गेलते. प्रेसवाला म्हणाला, हजाराच्या आत मशीन चालू करत न्हाय. चौतीस पाहिजेत, छापायचे हजार! भांडले. ऐकला न्हाय. वर म्हणतो, आज्जी, लग्नपत्रिका असत्या तर कमी केल्या असत्या. मी म्हटलं, ह्या वयात आता कुणाशी?

१३ सप्टेंबर
चौतीस टपालात टाकले. उरलेला गठ्ठा शेडमध्ये. कागद चांगला, जाड, एक सुरकुती न्हाय. आणि सोनुबाई सांगतेय, बाटल्यांना गुंडाळायची रद्दी संपलीय, आठवड्याची आणायला पाहिजे.
पैसे घालून रद्दी आणायची आणि घरचा कागद उंदरांना ठेवायचा? सोनुबाईला म्हटलं, गुंडाळ ह्यात. ती म्हणाली, आक्का, ह्यावर काय काय लिवलंय. मी म्हटलं, तुला वाचता येतंय का? न्हाय म्हणाली. मग बोलतीस कशाला?
रद्दीचे पैसे वाचले. डायरेक्टर असा पाहिजे.

२७ सप्टेंबर
नऊशेसहासष्ट बाटल्या गेल्या. निपाणी, बेळगाव, खानापूर, पार लोंढ्यापर्यंत. गावातल्या दुकानांत तर दोन दिवसांत निम्म्या खपल्या.
सत्याप्पा रस्त्यात भेटला, मान न वळवता गेला. प्रचारानं मान अवघडली असेल. त्याला काढा पाठवावा का? पोटाचा आहे, पण मानेलाही चालत असणार.

१ ऑक्टोबर
कंग्राळीहून पोस्टकार्ड आलं. कुणी मास्तर आहेत. अक्षर बारीक, म्हणून मारुतीनं वाचून दाखवलं. लिहितात, ‘आदरणीय बाळाबाई, आजकाल मोठमोठ्या कंपन्या देणग्या लपवतात. आपण मात्र प्रत्येक बाटलीसोबत त्या घरोघर जाहीर करता. असा पारदर्शक कारभार मी आयुष्यात पाहिला नाही.’
वाचता वाचता मारुतीचा आवाज बारीक होत गेला. त्याला कौतुक सहन होत न्हाय.
कार्ड देव्हाऱ्याजवळ लावलं. कंग्राळीपर्यंत नाव गेलं. कसलं, ते नीट कळलं न्हाय, पण चांगलंच दिसतंय.

२ ऑक्टोबर
कळलं.
सत्याप्पा सकाळी आला. चहा नको म्हणाला. खिशातनं कागद काढला, चौकोनी घडी पडलेला, काढ्याचा डाग असलेला. त्याच्या नातवाला काढा आणलता, म्हणजे माझ्या लेकीच्याच पोराला. विहीणबाई, हे काय, म्हणाला. मी म्हटलं, कागद आहे. तो म्हणाला, ह्यात माझ्याखाली भरमू आहे. मी म्हटलं, पण तू वर आहेस.
तेवढ्यात दारात भरमू. त्याच्या हातात तोच कागद, कानडी बाजू वर. अज्जी, नन्न केळगे याक, म्हणाला. मला खाली का घातलंस?
मी म्हटलं, छापणाऱ्यानं घातलं. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मग दोघं मिळून माझ्याकडं. पंधरा वर्षांत हे दोघं एका ओसरीवर उभे राहिले नव्हते. तेवढं तरी माझ्यामुळं झालं.

३ ऑक्टोबर
घाबरायचं काम न्हाय. बेत तयार आहे. कागद परत गोळा करायचे. सोनुबाईला गल्लोगल्ली पाठवलं. जो बाटलीचा कागद परत देईल, त्याला औषधाचा एक चमचा फुकट. ॲल्युमिनियमचा, बारीक. घेतील लोक.

४ ऑक्टोबर
लई घेतले. पण कागद द्यायच्या आधी प्रत्येक जण वाचून बघतोय की एवढं काय आहे ह्यात. ज्यांनी चुलीत घातलता, त्यांनी शेजारचा मागून वाचला. ज्यांच्याकडं नव्हता, त्यांनी बाटली विकत घेतली.
दुकानदार म्हणतोय, अजून पाठवा, कागदवालीच पाठवा.

६ ऑक्टोबर
ह्या आठवड्यात खप दुप्पट. बेत चुकला असं कुणी म्हणू नये.
सोनुबाईनं विचारलं, आक्का, थंडीत आमचं काय? मी म्हटलं, निवडणूक होऊ दे. आता दोघंही माझ्यावर रागावलेत, म्हणजे दोघंही सारखेच. तराजू समान आहे.

११ ऑक्टोबर
मालुबाईकडं पत्रकं छापायला पैसे न्हाईत. तिनं आमचा कागद स्वतःच्या दाराला चिकटवलाय. चौकटीभोवती जास्वंदीच्या रसानं लाल रेघ ओढलीय आणि खाली खडूनं लिहिलंय, ह्यात माझं नाव शोधा.
माणसं थांबून शोधतात. सापडत न्हाय. मग हसतात.
कागदाचे पैसे मागावेत का तिच्याकडं? माझा कागद, तिचा प्रचार. कृष्णातला फोन केला. तो म्हणाला, आज्जी, मागू नका, मग तीही देणगी धरून चौकटीत घालावी लागंल.

२६ ऑक्टोबर
मतदान. सत्याप्पाच्या माणसानं दारातच विचारलं, मावशी, कुणाला? भरमूच्या माणसानंही विचारलं. मी कुणाला शिक्का मारला, ते इथंही लिहिणार न्हाय. लिहिलेलं कुठं जाऊन पोचतं, त्याचा भरवसा राहिला न्हाय.

२८ ऑक्टोबर, दुपारी
मालुबाई आली निवडून. चारशे बारा मतं. सत्याप्पा आणि भरमू मिळूनही तेवढी न्हाईत. सुई टोचलेल्या पोरांनीच दिली म्हणतात. कोणत्या माणसाला काय आठवंल, सांगता येत न्हाय.
संध्याकाळी तिला बोलवावं. चहा करावा. बिस्किटं शिल्लक न्हाईत.

३१ ऑक्टोबर
मालुबाई आली न्हाय, कामात आहे. मीच गेले. ती म्हणाली, आक्का, कमिटीचा पहिला ठराव झालाय. ज्या कंपनीनं ह्या निवडणुकीत कुणालाही देणगी दिली, तिचं औषध दवाखान्यात एक वर्ष घ्यायचं न्हाय. आणि दवाखान्याला माल देणाऱ्या सगळ्यांनी अशी यादी दाराला लावायची. तुमची माझ्या दाराला लागलेलीच आहे, तुम्हाला नव्यानं करायला नको.
मी म्हटलं, मालुबाई, थंडीत माझ्या सात बायका घरी बसतील. तिनं ठरावाचा कागद फायलीत घातला. बघते, म्हणाली. हा शब्द मी स्वतः इतक्या जणांना दिलाय की त्याची किंमत मला माहीत आहे.

६ नोव्हेंबर
दिवाळी झाली. शेडमध्ये कढई थंड. सोनुबाई माझ्याशी बोलत न्हाय. ह्या वेळी शांत वाटत न्हाय.

१९ नोव्हेंबर
आर्डर आली! दवाखान्याची. शिक्क्यासकट, मालुबाईच्या सहीची. पहिल्यापासून ठरवलं होतं आर्डर आणीन, आणली. सोनुबाईला लगेच बोलावलं, अकराही जणींना बोलावलं. मारुतीला म्हटलं, वाच मोठ्यानं.
त्यानं वाचलं. दर महिन्याला चारशे बाटल्या. रिकाम्या. गरम पाण्यात धुतलेल्या. बूच घट्ट. पैसे महिन्याच्या महिन्याला. काढा नको.
बायका हसायला लागल्या. सोनुबाई सगळ्यांत आधी. म्हणाली, आक्का, बाटल्या धुवायला आमाला येतंय की. मी जूनमध्ये फुकट न्हाय म्हणाले, त्यांनी नोव्हेंबरात विकत मागितल्या. म्हणजे धंदा कुणाला कळतो?
मारुती म्हणाला, आई, खाली अजून एक ओळ आहे. बाटल्या कोऱ्या कागदात गुंडाळून पाठवाव्यात.
सगळी शेड धुंडाळली. एक बाजू कोरी असलेलासुद्धा कागद न्हाय. उद्या ह्या डायरीची उरलेली पानं सोनुबाईला द्यायची.