धुळाजीचा दहावा

तानूआक्काला गेणूचा दंडवत.

दहाव्याचं वाचून तू घाबरशील, म्हणून हे पत्र धाडणार नाही. माझी कादंबरी संपली. शेवटच्या पानावर म्हाताऱ्या धुळाजी धनगराला मीच मारलं. उद्या वही पुण्याच्या छापखान्यात द्यायची, पण हातून सुटेना. मधेच नदीवर नवं धरण बांधतायत तिथलं वाफेचं यंत्र बघत बसलो, ते असो. त्याला मारून आज दहावा दिवस, म्हणून नदीकाठी त्याच्या नावानं भात ठेवला.

मेंढरांना पाणी पाजणारा भिकू म्हणाला, "कोन गेलं रं?"

"माझ्या गोष्टीतला म्हातारा."

"येड्या, कागदाच्या मान्साला कावळा शिवंल व्हय?"

मलाही तेच हवं होतं. कावळा अडला, की 'म्हाताऱ्या, वही देत नाही' असं वचन देणार होतो. मी तोंड उघडायच्या आत कावळ्यानं भात उचलला.

आता वही द्यावीच लागणार. आक्का, माझ्या वचनाचीही वाट न बघता गेला; म्हातारा सुटला की माझ्यावर रुसला?

तुझा,
गेणू