निजामपुऱ्याचा चर आणि शाल

९ जाने.
गटारलाइनचा चर नेमका सोसायटीच्या गेटसमोर. चेअरमन जशुभाई सकाळपासून मागे लागलेत. "बेन, उत्तरायण पहेलां खाडो पुराई जशे ने? महेमान आवशे, गाडी क्यां मूकीए?" म्हटलं, बुजेल काका, संक्रांतीआधी खड्डा बुजेल. कशाच्या जोरावर म्हटलं देव जाणे. कडा ढासळू नयेत म्हणून लोखंडी प्लेटा उतरवा, पाइप टाका, प्लेटा पुढे सरकवा. वेळ जातोच. सेफ्टीची मॅडम मी, आणि घाईही मलाच.

१२ जाने.
शेवटचा तुकडा राहिला होता. जशुभाईंनी जिलेबी पाठवली, वर चिमटा, पतंग आता चरात उभं राहून उडवायचे का? सगळे हसले. मीही. मग मीच आमच्या मजूर मगनला म्हणाले, एवढासाच आहे, प्लेटा राहू दे, उतर. तो जरा माझ्याकडे बघत राहिला. दाहोदचा, मुळात कमी बोलणारा. उतरला.
काळी माती, कडेलाच ढीग. कड खचली एकदम. छातीपर्यंत गाडला गेला.
मी उडी मारली. हातांनीच उकरत...
कोणी गाडलं गेलं तर मागोमाग उतरू नका, दुसरी कड अंगावर येते, हे घसा फोडून मीच शिकवते. शुद्ध बावळटपणा. जिवंत निघाला. पाय मोडलाय.

१४ जाने., उत्तरायण
गच्च्यांवर नुसता "लपेट! लपेट!" कल्ला. बाबा म्हणाले, वर चल, तिळगूळ तरी घे. नाही गेले. शेजारच्या काकू पाठ थोपटून गेल्या, "वाघीण आहेस गं!" आमच्या सगळ्या नागरवाड्यात बातमी झालीय.
उरलेला तुकडा काल प्लेटा लावून केला. दुपारपर्यंत आटोपलासुद्धा. म्हणजे उत्तरायण तसंही गाठलंच असतं.

१९ जाने.
दवाखाना. मगनची बायको रमीला पायाच पडायला आली. "बेन, तमे ना होत तो..." अगं बाई, मी नसते तर तो प्लेटांशिवाय उतरलाच नसता! तोंडापर्यंत आलं होतं. बाहेर पडलं ते, "जेवलीस का?"
साइटवर बोलणं उठलंय, मगन कुणाला न विचारता उतरला. मी खोडलं नाही. चौकशीत तसंच ठरलं तर भरपाई नाही, पुढे कामही नाही. मला पक्कं ठाऊक आहे. लाज वाटते. जेवताना, केस विंचरताना, सारखी.

२६ जाने.
सोसायटीत झेंडावंदन, मग माझा सत्कार. बाबा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत. जशुभाईंनी शाल घातली, "आपणी बहादुर मराठी दीकरी!" लेक म्हणे. माइक दिला. सांगायचं ठरवून गेले होते, खरंच. बाबांचा चेहरा दिसला. आभार मानून खाली बसले. थू माझ्यावर.
आई शाल कपाटात ठेवायला निघाली तर तिच्यावरच खेकसले. ती बिचारी काय करणार.

२८ जाने.
उद्या चौकशी. मगनकडे गेले. मी खरं बोलणार, एवढं सांगायला. त्यानेच हाताने जवळ बोलावलं. हळूच म्हणाला, चौकशीचे साहेब येऊन गेले, त्यांना सांगून टाकलं, बेन नको म्हणत होत्या, मीच उतरलो. "चिंता ना करो. तमे मने काढ्यो ने."
आणि मी काय म्हणाले? "आराम कर."
रिक्षात रडले. उपयोग काय त्याचा.

२९ जाने., सकाळी
चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर. बाबा सोडायला आलेत. थंडी आहे म्हणून पिशवीतून तीच शाल आणलीय. घे म्हणाले. नको म्हटलं. वाटलं, आता त्यांना घरी पाठवून द्यावं. नाही पाठवलं. म्हटलं, बाबा, आत चला माझ्याबरोबर, त्यांनी येऊ दिलं तर.
"मी कशाला गं?"
ऐकायला.
नाव पुकारलं.