ताण घेऊ नकोस

ती. मावशीस, भाच्याचा खाली मान घालून नमस्कार. (मान वर करायची सोय उरलेली नाही, वर पूल आहे.) तुझा गुडघा कसा आहे? माझी तब्येत ठणठणीत आहे आणि साहेबांना त्याचंच वाईट वाटतंय.

तुझा फोन आला त्या दिवशी आमचा पूल जुळायचा होता. दोन्ही काठांवरून दोन अर्धे पूल, मनोऱ्यांना केबलनी टांगलेले, पुढे सरकत नदीच्या मध्यावर आले होते. मध्ये हातभर फट. माझं काम एवढंच, की वॉकीटॉकीवरून जॅकवाल्याला सांगायचं, या केबलचा ताण घे, त्या केबलचा सोड. माझ्या एका हातात वॉकीटॉकी, दुसऱ्या हातात तू, आणि तू रडत होतीस. मी (घाईत, पण मायेनं हो!) म्हणालो, "ताण घेऊ नकोस गं, सोडून दे सगळं!" आणि अंगठा नेमका वॉकीटॉकीच्या बटणावर. (त्यातला 'गं' जॅकवाल्याला ऐकूच आला नाही म्हणे!)

जॅकवाला पडला आज्ञाधारक. त्यानं ताण सोडला आणि पाहुण्यांच्या, फोटोवाल्यांच्या डोळ्यांदेखत आमची बाजू वीतभर खाली बसली. समोरची मंडळी वरून वाकून आमच्याकडे बघायला लागली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, पण माझी अब्रू गेली ती गेलीच. पूल जुळला, पण पाहुणे जेवून गेल्यावर. आता कँटीनवालासुद्धा चहा पुढे करताना म्हणतो, "ताण घेऊ नका." मेल्याहून मेल्यासारखं होतं गं. शनिवारी चौकशी आहे. नोकरी राहते की जाते ते तेव्हा कळेल.

तुझा,
भाचा

ता. क. साहेबांचा मावशीवर विश्वास नाही. "ही बाई कोण?" असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. तेवढं त्यांना फोन करून सांग, की रडणारी तूच होतीस.

ता. क. २. कशासाठी रडत होतीस, असं ते विचारतील. ते आधी मला सांग. मला ऐकूच आलं नव्हतं. (ग्राइंडर चालू होता. खरं म्हणजे मी ऐकतच नव्हतो.)

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात आईचा फोन. तू दोन बॅगा घेऊन तिच्याकडे आली आहेस आणि म्हणतेस, काकांना सोडलं, भाच्यानंच सांगितलं. अगं मावशी, ते मी जॅकवाल्याला सांगितलं नव्हतं, तसंच तुलाही नव्हतं गं. मी नुसता फोन ठेवायला बघत होतो.