विंडोज दहाचा शेवटचा वर्षावास

१० जुलै २०२५, गुरुवार. आषाढ पौर्णिमा

आजपासून वर्षावास. तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन. भन्तेजींना कोणत्या दिवशी कोणाच्या घरचं जेवण, ती यादी दरवर्षी माझ्याकडे असते. सकाळी वंदना झाली, हात धुतले, चप्पल बाहेर काढली आणि कॉम्प्युटरसमोर बसलो, तर स्क्रीनभर निळी पाटी. विंडोज दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबरला बंद होणार, अकरावर जावे. खाली दोन बटणं. मी तिसरं शोधलं. नव्हतं. मेन स्विच बंद केला.

पुण्याला दिव्यानीला फोन लावला. मुलगी तिकडे कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे. म्हणाली, बाबा, काही होत नाही, मी ऑक्टोबरमध्ये येते आणि मीच करून देते. चौदाला पोहोचते, सोळाला आपण दोघं चंद्रपूरला, चांद्याच्या दीक्षाभूमीवर जाऊ.

दोन वर्षांनी येणार.

संकल्प: सगळा भार तिच्यावर टाकायचा नाही. अपग्रेड करावं की करू नये, याचा निर्णय मी स्वतः, पूर्ण विचार करून, वर्षावास संपायच्या आत घेईन. तिनं येऊन फक्त बटण दाबावं.

१३ जुलै, रविवार

वहीत दोन रकाने आखले. 'बाजूने' आणि 'विरुद्ध'. बाजूने: सुरक्षितता. विरुद्ध: सवय.

विरुद्ध, मुद्दा दोन: सत्यशीलानं शिवलेलं कव्हर. दिव्यानीच्या कॉलेजसाठी २०१५ साली हा कॉम्प्युटर आणला, तेव्हा तिनं जुन्या साडीचं, निळ्या झालरीचं कव्हर शिवलं. अगदी मापात. सत्यशीलाला जाऊन चार वर्षं झाली, कव्हरची शिवण अजून उसवलेली नाही.

नंतर लक्षात आलं की विंडोज बदलल्यानं कव्हरचं माप बदलत नाही. मुद्दा खोडला. मुद्दा मात्र चांगला होता.

२७ जुलै, रविवार

दिव्यानीचा फोन. अकरा मिनिटं.

आधी रविवारचा फोन चार मिनिटांचा असे. जेवलात का, पाऊस आहे का, गोळ्या घेता ना, ठेवते. आता विषय आहे. मी दोन्ही रकाने वाचून दाखवले. ती हसली. म्हणाली, बाबा, तुम्ही शाळेत लिपिक आहात हे घरीपण विसरत नाही.

एकंदरीत मुलीला तांत्रिक विषयांची आवड आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

बसस्टँडजवळ जहीरच्या दुकानात गेलो. कुरखेड्यात कॉम्प्युटर बिघडला की लोक जहीरकडेच येतात. मी फक्त सर्वसाधारण चर्चा करायला गेलो होतो. तो म्हणाला, देवरावभाऊ, मशीन आणून टाका ना इथी, दोन मिनिटांत सांगतो अकरा घेते का नाई घेत.

मी समजावलं, आधी निर्णय, मग तपासणी. लग्न ठरायच्या आधी कोणी मांडव घालत नाही.

तो म्हणाला, ते बरोबर हाय भाऊ, पण पोरगी हो म्हणते का, ते तं आधी पाहतात ना.

दुकानातली दोन-तीन माणसं हसली. व्यापारी माणसाला कामाचा क्रम कळत नाही. त्याला सांगून आलो की ऑक्टोबरमध्ये दिव्यानी येणार आहे, ती पाहील. गावात आणखी काही जणांनाही सांगितलं. विषय निघाला म्हणून.

३१ ऑगस्ट, रविवार

काल शाळेत लालसूचं मत घेतलं. शिपाई असला तरी माणूस विचारी आहे. म्हणाला, बाबू, चालून राह्यला ना तो? मंग काऊन हात लावता? निजलेल्या अस्वलाले कोणी उठवते का?

'विरुद्ध'मध्ये लिहिलं. आता दोन्ही रकान्यांत बारा-बारा मुद्दे. असा समतोल क्वचित साधतो. दिव्यानीला कळवलं. ती म्हणाली, मग नाणं टाका. मी म्हटलं, असे निर्णय नाण्यावर होत नसतात. त्यावर बोलण्यात नऊ मिनिटं गेली.

१४ सप्टेंबर, रविवार

अघटित.

प्रिंटरची शाई भरायला जहीर घरी आला. मी चहा ठेवायला आत गेलो. बाहेर येऊन पाहतो तर त्यानं नेटवरून कसला तरी प्रोग्रॅम उतरवून तपासणी केलेली. स्क्रीनवर लाल फुली. म्हणाला, घ्या भाऊ, होत नाई. प्रोसेसर लई जुना हाय, अकरा त्याले उभंच करत नाई. जुगाड करून टाकता येते, पण मंग रोज माह्या दुकानात येऊन रडाल. मशीनच नवी घ्या.

चहा प्याला आणि गेला.

दोन महिने मी ज्याचा विचार केला, ते माझा चहा उकळेपर्यंत ठरलं. ही पद्धत मला मान्य नाही.

निकालाचा फोटो स्क्रीनवरून काढून 'महत्त्वाचे' फोल्डरमध्ये ठेवला. नाव दिलं: 'तपासणी निकाल, अपात्र, १४ सप्टेंबर'. पंचवीस वर्षं आवक-जावक सांभाळली आहे, आलेला कागद फाइलला लावल्याशिवाय मला जेवण जात नाही.

संध्याकाळी दिव्यानीनं विचारलं, विचार कुठवर आला? मी म्हटलं, सुरू आहे. हे खरं आहे. विचार सुरूच आहे, त्याला विषय उरला नाही एवढंच.

तिला आताच सांगितलं नाही कारण तिनं याच कामासाठी रजा मागितली आहे. उगाच तिची रजा वाया जायची. चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. मी तर काही बोललोच नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

चौदा मिनिटं. आजवरचा सर्वांत मोठा फोन.

दिव्यानी म्हणाली, अपग्रेडच्या आधी बॅकअप घ्या. बॅकअप म्हणजे काय, असं विचारलं. मला माहीत आहे, पण तिला शिकवायला आवडतं. लहानपणी भिंतीला पाढे शिकवायची. एक गोष्ट आज जाणवली. पाच वर्षांत तिच्या बोलण्यातलं 'मले' जाऊन 'मला' आलं. भाषा शुद्ध झाली, चांगलंच आहे.

विहाराच्या कमिटीनं सोळा तारखेसाठी बस ठरवली आहे. माझ्या नावावर दोन जागा. खिडकीची दिव्यानीला.

२८ सप्टेंबर, रविवार

कॉम्प्युटरवर नियोजनाची फाइल केली. नाव: 'दिव्यानी आल्यावर'. सोळा कामं. काही नमुन्यादाखल:

१. शिंगाडे उकडून ठेवणे (तिला आवडतात).
४. विहारात सर्वांना भेटवणे. लोक विचारतात.
७. सत्यशीलाचं कपाट उघडणे. दोघांनी मिळून. माझ्या एकट्याच्यानं किल्ली फिरत नाही.
९. मागच्या अंगणात खुर्च्या टाकून बसणे. (विशेष काम नाही.)
१६. विंडोज.

क्रम सोयीनं लावला आहे. त्यातून काही अर्थ काढू नये.

७ ऑक्टोबर, मंगळवार. आश्विन पौर्णिमा

वर्षावासाची सांगता. भन्तेजींनी पवारणा समजावून सांगितली. तीन महिने एकत्र राहिलेले भिक्खू शेवटच्या दिवशी एकमेकांसमोर हात जोडतात आणि म्हणतात, माझा काही दोष तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल, तुम्हाला नुसती शंका आली असेल, तरी दया करून सांगा.

माझ्याबरोबर तीन महिने राहिलेलं कोणी नाही. म्हणजे दोष पाहणारंही कोणी नाही. एक कॉम्प्युटर आहे. त्याला सगळं माहीत आहे.

विहारातून निघताना ठरवलं, दिव्यानीला लाल फुलीचं सांगून टाकायचं. पिंपळाखालीच उभा राहून फोन लावला. ती मीटिंगमध्ये होती. म्हणाली, बाबा, नंतर करते. मी नऊपर्यंत फोन हातात ठेवला. म्हणजे माझ्या बाजूनं प्रयत्न झालेला आहे.

ठरल्याप्रमाणे वर्षावास संपायच्या आत निर्णयही घेतला: अपग्रेड करावं. तेरा विरुद्ध बारा. तेरावा मुद्दा 'मुलगी येते आहे' हा धरला. अपग्रेड होत नाही, ही गोष्ट वेगळी. निर्णय योग्य आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार

बाजारातून दोन किलो शिंगाडे आणले. तिच्या खोलीतला पंखा पुसला. कॉम्प्युटरचं कव्हर धुऊन वाळवलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी दहाला फोन. रजा रद्द. परदेशातल्या कोणत्या तरी गिऱ्हाइकाचं काम अडलं आहे, दिवाळीतही कोणाला सुट्टी नाही. पुढची रजा कधी ते ठरलेलं नाही. मी म्हटलं, काम आधी. ती म्हणाली, पण बाबा, तुमचं काम अडणार नाही, मी इथूनच करते. तुम्ही फक्त स्क्रीनवरचा नंबर वाचून दाखवा.

नंबर वाचला. परवानगीचं बटण दाबलं. मग माझा हात माऊसवर नव्हता आणि तरी बाण चालायला लागला.

तो बाण दिव्यानीचा. आठशे-नऊशे किलोमीटरवरून. लहानपणी पाटीवर पेन्सिल चालवायची तसाच घाईघाईनं, मध्येच गोल फिरवत. मी खुर्ची जरा बाजूला सरकवली, तिला नीट दिसावं म्हणून. त्याची गरज नव्हती.

म्हणाली, आधी तुमच्या फाइल्स पाहू, बॅकअप घ्यावा लागेल. 'महत्त्वाचे' उघडलं. त्यात 'तपासणी निकाल, अपात्र, १४ सप्टेंबर'. बाण थांबला. फोटो उघडला. लाल फुली.

बाण फुलीभोवती एकदा गोल फिरला.

मग म्हणाली, बाबा, महिना झाला. तुम्हाले माहीत होतं. मले काऊन नाई सांगितलं?

रागावली की तिचं 'मले' परत येतं. मी खुलासा केला की मी खोटं काही बोललो नाही. विचार सुरू आहे असं म्हणालो, तो सुरूच होता. ती म्हणाली, बाबा, मी तुमच्या कॉम्प्युटरसाठी साहेबाशी भांडले ना.

त्याच फोल्डरमध्ये खाली 'दिव्यानी आल्यावर' ही फाइल होती. तिनं तीही उघडली. बाण पहिल्या ओळीवर आला, हळूहळू खाली गेला आणि नवव्यावर बराच वेळ थांबला. आमच्याकडे नेट स्लो आहे.

शेवटी म्हणाली, ठीक आहे बाबा, मी नवीन लॅपटॉप पाठवते, तुम्ही विचार नका करू. आवाज जरा बसलेला वाटला. पुण्यात हवा बदलली असेल. बाण कोपऱ्यात गेला आणि थांबला. मी थोडा वेळ पाहत राहिलो. मग माऊस हलवला, तर तो माझाच झालेला होता.

एकूण बत्तीस मिनिटं. पण यांत न बोललेली बरीच आहेत, ती वजा केली पाहिजेत.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सपोर्ट बंद होण्याचा दिवस. सकाळी वंदना करून कॉम्प्युटर सुरू केला. सुरू झाला. काहीही झालं नाही. दुपारी शाळेतून येऊन पुन्हा पाहिलं. तसाच.

लालसू म्हणाला, म्या म्हटलं नव्हतं का बाबू, अस्वल निजूनच हाय.

दोन दिवस शिंगाडेच खातो आहे. पोट बिघडलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार. चांदा

पहाटे बस निघाली. खिडकीच्या जागेवर पिशवी ठेवली. ब्रह्मपुरीला एक म्हातारी बाई बसमध्ये चढून उभी राहिली तेव्हा पिशवी मांडीवर घेतली. बाईंनी विचारलं, कोण्ही येणार होतं का, भाऊ? मी म्हटलं, हो, पुढच्या वेळी. त्यांनी मला निम्मं मक्याचं कणीस दिलं.

दीक्षाभूमीवर पाय ठेवायला जागा नव्हती. एवढ्या लोकांत एकटं वाटायचं कारण नाही. मेणबत्त्या दोन घेतल्या होत्या, दोन्ही लावल्या. पंचशील म्हणताना चौथी ओळ मी दोनदा म्हटली. गोंगाट फार होता.

१८ ऑक्टोबर, शनिवार

लॅपटॉप आला. डबा पाहून ठरवलं: घाई करायची नाही. कधी उघडायचा, कोणी उघडायचा, यावर शांतपणे विचार करायचा. डिसेंबरपर्यंत. अशा गोष्टी घरातल्या जाणत्या माणसासमोर उघडलेल्या बऱ्या.

वहीत नवे दोन रकाने आखतच होतो, तेवढ्यात जहीर आला. दिव्यानीनं परस्पर त्याला फोन केला होता. म्हणाला, पोरीनं सांगतलं भाऊ, बाबाले विचारत बसू नका, लावूनच द्या. वीस मिनिटांत लॅपटॉप सुरू करून, जुन्या फाइल्स टाकून, प्रिंटर जोडून गेला. चहा टाकायलाही वेळ दिला नाही.

जुन्यावर सत्यशीलाचं कव्हर घातलं. लॅपटॉपला ते बसत नाही. जुलैमधला खोडलेला मुद्दा शेवटी बरोबर निघाला.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिव्यानीचा फोन. चालतो ना बाबा? चालतो. काही अडचण? नाही. मग छान, गोळ्या घ्या. चार मिनिटं.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज फोन नाही. अकराला मेसेज आला: बाबा, लॅपटॉप ठीक ना? कामात आहे, काही अडचण असली तरच सांगा, लगेच फोन करते.

अडचण आहे असं कळवणं सोपं होतं. पण अडचण नाही, आणि चौथं शील आहे. एकदा चुकलो, आता नाही. 'उत्तम' असं लिहून पाठवलं.

लॅपटॉप खरंच उत्तम आहे. दुपारी दोनला सुरू करून सगळं एकेक उघडून पाहिलं. चारला पुन्हा पाहिलं. सहाला विहारातून येऊन पुन्हा.

अजून तरी काही बिघडलेलं नाही.