आधी ताबा, मग माफी

मोमीनपुरा, नागपूर

भाईजान यांना धाकट्या कुलसुमचा अदबीनं सलाम. तुमचा गुडघा कसा आहे? भाभीला म्हणावं, जवसाचं तेल कोमट करूनच चोळा. इकडे अल्लाहच्या कृपेनं सगळे बरे आहेत.

तुम्ही पाठवलेला हक्कसोडीचा कागद मिळाला. अब्बांच्या साडेचार एकरांतला माझा हिस्सा तुम्हाला माफ करायचा, हे तर आपल्याकडे ठरलेलंच (बहिणीनं हिस्सा मागितला की माहेर तुटतं, असं आपल्या गावी कुहीत सगळेच म्हणतात). मी लगेच सही करणार होते. पण एवढी मोठी वस्तू द्यायची तर सवाब पुरता पदरात पडावा, म्हणून कोणती दुआ म्हणून सही करू, हे विचारायला मौलानांकडे गेले. सोबत शेजारच्या शोभाताई होत्या, कारण तुम्ही कबूल केलेली साडी येताना इतवारीच्या बाजारात पसंत करायची होती. (त्यांनीही भावाला शेत असंच सोडून दिलं. कायदा वेगळा, साडी तीच.) मौलानांनी दुआ सांगितलीच नाही. उलट विचारलं, "जे हातात आलंच नाही, ते माफ कसं करता?" भावाला दोन हिस्से, बहिणीला एक, हे वरून ठरलेलं आहे, आधी ताबा घ्या, मग वाटलं तर द्या. मी म्हटलं, एवढ्या चकरा कशाला, मनातल्या मनात घेते नि देऊन टाकते. ते रागावले. शोभाताई बाहेर येऊन इतक्या हसल्या की साडी राहूनच गेली.

घरी आल्यावर मात्र अम्मी आठवली. तिनं माहेरचा, पारशिवनीचा हिस्सा मामूंना माफ केला होता. दर ईदला मामू सायकलवर यायचे, हँडलला बांगड्यांचा डबा, आणि आपण दोघं सकाळपासून फाट्यावर उभे. मामू गेले त्या वर्षी त्यांच्या घरचं कोणीच आलं नाही. अम्मीनं शेवया दोनदा गरम केल्या, मग म्हणाली, "कुलसुम, दार लोटून घे वं." तेव्हा तुम्हीच धावत जाऊन बाजारातून बांगड्या आणल्या आणि मामूंच्या घरून आल्या म्हणून तिला दिल्यात. माप मोठं होतं. तिला सगळं कळलं, तरी तिनं घातल्या.

तुमची,
कुलसुम

ता. क. : रोवणीच्या आधी सातबाऱ्यावर माझं नाव चढवा. दीड एकर, विहिरीकडचा. ताबा मिळाल्यावर माफ करीन का, हे तेव्हा विचारा. आत्ताच कबूल केलं तर मौलाना पुन्हा रागावतील.

आणखी एक : कागद वाया जाऊ नये म्हणून हे पत्र तुमच्या हक्कसोडीच्याच पाठकोऱ्या बाजूवर लिहिलं आहे. शाई पलीकडे उतरली असेल, तर ती माझी सही समजू नये.