पाटावरचा पंप

खंडेनवमी, संध्याकाळ. चिंचवड.

"कंपनीतलं आहे." बाबांचे हे दोन शब्द डोक्यातून जातच नाहीत.

बाबा चाकणला फिटर. सकाळी पाटावर त्यांचे पाने, पकडी मांडत होते, तेव्हा आत्या म्हणाली, "हिचा इन्सुलिनचा पंपही ठेव रे पूजेला. यंत्रच की ते! बघायला येणाऱ्यांनाही दिसायचा नाही." सगळे हसले. मीही हसले. का हसले? तासाभराचा प्रश्न आहे, असं वाटलं. नळी सोडवून पंप झेंडूत ठेवला.

पाहुणे आले उशिरा. मुलाच्या आईने आग्रहाने मला शिरा खायला लावला. घशाला कोरड पडत गेली. तेवढ्यात त्यांचं लक्ष पाटाकडे गेलं. "हे एवढंसं काय हो?"

"कंपनीतलं आहे." पापणीही न लवता. पदवीचा माझा फोटो दारासमोर लावणारे माझे बाबा!

मी उठले, पंपावरचं कुंकू पुसलं आणि सगळ्यांसमोर तो कंबरेला लावला. "माझा आहे. शाळेत असल्यापासून मला शुगर आहे." बाईंनी हातातला चहा तसाच खाली ठेवला.

ते गेल्यावर बाबा म्हणाले, "अजून जरा कळ काढली असतीस तर मेली असतीस का?"

मी मीटर त्यांच्यापुढे धरला. चारशेच्या वर. त्यांनी आकडा नीट पाहिला, मग आईला म्हणाले, "पुढच्या वेळी हिला शिरा देऊ नकोस. म्हणजे बसेल तेवढा वेळ."