सहा उमेदवार, पाच जागा

६ जानेवारी, सकाळ
आज फॉर्म भरला. पनाय बेटावरच्या दुभाषी संघाच्या बोर्डाची निवडणूक २३ फेब्रुवारीला. जागा पाच, उमेदवार सहा. म्हणजे पडणार एकच जण. कोण पडेल बिचारा, याची दिवसभर चुटपुट. बहुधा अँटिके प्रांतातली ती शिक्षिका. तिला सांत्वनाचं पत्र आधीच लिहून ठेवावं का? नको, घाई दिसेल.
माझी जमेची बाजू: सव्वीस वर्षं खुणांच्या भाषेचा दुभाषी. चर्चमध्ये शिकलो, थेट अमेरिकन पाद्र्याकडून. शिवाय दर शनिवारी टीव्हीच्या बातम्यांत कोपऱ्यातल्या गोलात मी. यंदा पहिल्यांदाच कर्णबधिर सभासदांनाही मत आहे. ती वीस मतं माझ्या खिशात आहेत हे बोर्डाच्या लक्षात कसं आलं नाही कोण जाणे.
संकल्प: रोज अर्धा तास तरुण कर्णबधिरांचे व्हिडिओ बघणे. उद्यापासून.

७ जानेवारी
व्हिडिओ बघितला. चार मिनिटं. आजकालची पोरं फार अस्पष्ट बोलतात, बोटं नीट उघडत नाहीत. बघून आपलीच भाषा बिघडायची. बंद केला.

१४ जानेवारी
संध्याकाळी रोसेनी आली. सुतार एलिसेओची बायको. दोघंही कर्णबधिर. गेल्या एप्रिलात एलिसेओवर चोरीचा खटला झाला: ज्या घरी कामाला होता तिथली ड्रिल आणि करवत नेली म्हणून. कोर्टात दुभाषी मी. चाळीस मिनिटांत जबानी आटोपली, जज्जसाहेबांनी स्वतः मान डोलावली होती. तेव्हापासून तो आत आहे. निकाल मार्चमध्ये.
रोसेनी दारातच उभी राहिली. हातांनी भराभर काहीतरी म्हणाली. मग कागद काढून लिहिलं: एलिसेओ बोलला नाही. तू बोललास.
व्याकरण कच्चं, पण भावना पोचली. त्याच्या वतीने मी बोललो, त्याचे आभार. मी तिला माझ्या पोस्टरची एक प्रत दिली.
नेनिंगला सांगितलं. ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, वेन्सी, आभार मानायला आलेलं माणूस घोटभर पाणी न पिता जातं का? माझ्या बायकोला निवडणुकीतलं कळत नाही.

२१ जानेवारी
जोवेलिनचा फोन. तीही उमेदवार. वय एकतीस, आईबाप दोघंही कर्णबधिर, म्हणून सगळे तिला डोक्यावर घेतात. जन्मजात मिळालेल्या गोष्टीचं कसलं कौतुक? मी कष्टाने शिकलो.
म्हणाली, नोंग, एलिसेओच्या जबानीचं रेकॉर्डिंग त्याच्या वकीलबाईंकडे आहे. माझ्याबरोबर बसून एकदा बघाल का? थोरला भाऊ म्हणून नोंग म्हणते, तेवढं वळण आहे तिला. मी म्हटलं, प्रचारात आहे. ती म्हणाली, एकच तास, नोंग. मी म्हटलं, निवडणुकीच्या तोंडावरचे हे डाव मला कळतात. ती गप्प झाली. पकडले गेले की लोक गप्प होतात.

२ फेब्रुवारी
जारोची जत्रा. चर्चसमोर पत्रकं वाटली. पोस्टरवर माझे दोन्ही हात आहेत, 'एकजूट' अशी खूण करताना. कर्णबधिरांचा एक घोळका पोस्टरपुढे थांबला आणि पोट धरून हसला. लोकांना हसवणारा उमेदवार हरत नाही.

९ फेब्रुवारी
कर्णबधिर सभासदांना ला पाझच्या बाजारात बाचोय, म्हणजे नूडल्सचं सूप, खाऊ घातलं. एकोणीस जण आले. जोवेलिनही आली, तिला बोलावलं नव्हतं. मी टेबलाच्या टोकाला. गप्पा रंगल्या. मला फारसं कळलं नाही, कारण सगळ्यांच्या तोंडात घास होता.
या लोकांनी मला खुणेचं एक नाव दिलेलं आहे: हात कपाळावरून वर, डोक्यामागे. वीस वर्षं मी त्याचा अर्थ तेजोवलय असा धरत आलो. आज जोवेलिनला सहज विचारलं. ती वाडग्यात बघत म्हणाली, नोंग, त्याचा अर्थ 'डोक्यावरून जातं' असा आहे. मी विचारलं, कोणाच्या? ती म्हणाली, तुमच्या.
मत्सर माणसाला कुठल्या थराला नेतो.

१२ फेब्रुवारी
एलिसेओची आई गेली. तुरुंगातून त्याला अंत्यविधीला सोडलं नाही. मी फुलांचं चक्र मागवलं, फितीवर: वेन्सेस्लाओ तुपास, उमेदवार क्रमांक ४. नेनिंगने कात्री आणून दारातच फीत कापली. म्हणाली, थोडी तरी लाज ठेव. चक्र बिननावाचं गेलं. कोणाकडून आलं हे कळणार नसेल तर पाठवायचं कशाला?

१६ फेब्रुवारी, दुपार
गेलो एकदाचा वकीलबाईंकडे. नेनिंगने तीन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं, म्हणून.
रेकॉर्डिंग लावलं. प्रश्न: अवजारं तू नेलीस का? मग एलिसेओचे हात. मग माझा आवाज, चांगला खणखणीत: हो, अवजारं मी नेली.
जोवेलिनने थांबवलं, मागे घेतलं, पुन्हा लावलं. एलिसेओचा तळहात छातीवर टेकतो. दोनदा. ती म्हणाली, माझी. माझी अवजारं मी घरी नेली. त्यांची तिथेच माळ्यावर ठेवली. असं म्हणतोय तो, नोंग.
मला तेव्हा वाटलं होतं, घाम पुसतोय.
एप्रिल होता. पंखा बंद होता. जज्जसाहेब सारखे घड्याळ बघत होते. माझा चष्मा जुना होता. हे सगळं वकीलबाईंना सांगितलं. त्यांनी त्यातलं काही लिहून घेतलं नाही. म्हणाल्या, तुमची चूक झाली असं प्रतिज्ञापत्र द्या, उद्याच अर्ज करते, जबानी पुन्हा घेतील. मी म्हटलं, देतो. चोवीस तारखेला. तेवीसला निवडणूक आहे. दहा महिने थांबलाय तो, आठ दिवसांनी काय होतंय.
जोवेलिनने रेकॉर्डिंग बंद केलं. मग म्हणाली, नोंग, हे तुम्ही खरंच म्हणालात, की माझ्या ऐकण्यात चूक झाली?
मी म्हटलं, चोवीसला.

१९ फेब्रुवारी
संकल्प: निवडून आल्यावर पहिला ठराव, तुरुंगातल्या कर्णबधिरांसाठी समिती. अध्यक्ष मी. पहिला लाभ एलिसेओला. या बाजूने पाहिलं तर हे आठ दिवस त्याच्याच भल्याचे आहेत. नेनिंगला समजावून सांगितलं. ती उठून शेजारी गेली.

२३ फेब्रुवारी
सभा. मतदार अठ्ठावन्न. प्रत्येकाने सहांतली पाच नावं निवडायची. मतदानाआधी उमेदवारांना प्रश्न. रोसेनी उठली. ऐकणाऱ्यांसाठी तिचं बोलणं कोणीतरी आवाजात सांगायला हवं होतं. सगळ्यांत ज्येष्ठ मी. माइक उचलला, सवयीने.
तिचे हात सुरू झाले. मी म्हणालो: माझ्या नवऱ्याच्या वतीने बोलल्याबद्दल मी श्रीयुत तुपास यांची... आणि थांबलो. पुढच्या रांगेतले दुभाषी खाली बघत होते.
मग जोवेलिन जागेवरूनच बोलायला लागली, माइकशिवाय, रोसेनीच्या हातांबरोबर: त्याची आई गेली तेव्हा तो आत होता. मी त्याला तुरुंगाच्या जाळीतून सांगितलं, माझे हात जाळीत मावत नव्हते. चार दिवसांनी या माणसाने स्वतःची चूक डोळ्यांनी पाहिली. त्याला सात दिवस झाले. कागदावर सही नाही. मला एवढंच विचारायचंय, तू कशाची वाट बघतोयस?
उत्तर माझ्याकडे तयार होतं, समितीचं. पाणी प्यायलो. ग्लास संपला तरी पीत होतो.
निकाल. अँटिकेच्या शिक्षिकेला अठ्ठावन्न, त्यात माझंही एक मत, दयेपोटी दिलेलं. जोवेलिनला सत्तावन्न. तिला गाळणारा मी. मला तीन. सहांतलं एक नाव गाळायचं होतं, पंचावन्न जणांनी तेच गाळलं. माझं मत सोडून उरलेले दोन कोण, ते विचारलं नाही.

२४ फेब्रुवारी
सर्दी. डोकं जड. वकीलबाईंकडे उद्या.

२५ फेब्रुवारी
उद्या.

२६ फेब्रुवारी
नेनिंग रिक्षा दारात आणून उभी राहिली. म्हणाली, बस. बसलो. सही केली. वकीलबाईंनी विचारलं, मजकूर वाचलात? हो म्हटलं. वाचला नव्हता. घरी येऊन प्रत वाचली. तिसऱ्या ओळीत आहे: मला आरोपीची भाषा पुरेशी समजत नव्हती.
हे वाक्य मी घातलेलं नाही. खाली सही मात्र माझीच आहे.

२ मार्च
टीव्हीवाल्यांचा फोन. शनिवारी येऊ नका म्हणाले. कारण विचारलं नाही. तसाही तो गोल फार लहान होता.

७ मार्च
एलिसेओला काय म्हणायचं ते आरशासमोर रोज करून बघतो आहे. आज चौथा दिवस. नेनिंग दारात उभी राहून बघत होती. माझं संपेपर्यंत गेली नाही.

११ मार्च
जबानी पुन्हा झाली. दुभाषी जोवेलिन. अडीच तास लागले. एक शब्द अडला तर थांबायची, त्याला परत विचारायची, जज्जसाहेबांनाही थांबवायची. असं करता येतं हे मला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं. वेळ जातो म्हणून कधी केलं नाही.
ज्याच्या घरी एलिसेओ कामाला होता, त्या मालकाने परवा स्वतःचा माळा बघितला होता. करवत आणि ड्रिल गोणपाटाखाली. अकरा महिने तिथेच. एलिसेओ सुटला.
मी बाहेर पायरीवर थांबलो. तो आला. अंगातला शर्ट दोन मापं मोठा झालेला. रोसेनी एका बाजूला, जोवेलिन दुसऱ्या. मी समोर जाऊन बसवलेल्या सगळ्या खुणा केल्या: चूक माझी होती. तुझी आई गेल्याचं कळलं. मला माफ कर. एकही विसरलो नाही.
एलिसेओने शेवटपर्यंत नीट बघितलं. मग जोवेलिनकडे वळला आणि भुवया उंचावल्या. तिने माझं म्हणणं त्याला त्याच्या भाषेत सांगितलं.
मग तो बोलला. बराच वेळ बोलला. मध्ये रोसेनीने त्याच्या दंडाला हात लावला, तरी थांबला नाही. त्याचे हात माझ्या चेहऱ्याच्या इतके जवळ आले होते की वारा लागत होता. मला दोनच शब्द कळले, आई आणि दार. त्यातही दार असेलच असं नाही.
त्याचं संपल्यावर मी जोवेलिनला विचारलं, काय म्हणाला?
तिने आधी रोसेनीकडे बघितलं. मग म्हणाली, नोंग, तो म्हणतो, त्याला घरी जायचंय.